विहिरीची कालिकता

"कोणी केलं ते आधी सांगा, मग काय झालं ते मी लिहितो."

साताऱ्याच्या सेशन्स कोर्टात विष्णुपंत खांबेटे हे वाक्य रोज म्हणत. ते सरकारी दुभाषी होते. खेड्यातला माणूस पिंजऱ्यात उभा राहून मराठीत जे सांगेल ते जज्जासाठी इंग्रजीत करायचं, आणि जबानी पुरी झाली की ती पुन्हा मराठीत वाचून दाखवून त्याच्याकडून "बरोबर आहे" म्हणवून घ्यायचं, हे त्यांचं काम. साक्षीदार बहुतेक वेळा "मारहाण झाली" असं सांगे. विष्णुपंत लेखणी वरच्या वर धरून थांबत. मारहाण ही काय सर्दी आहे, आपली आपण व्हायला? कोणी मारलं, कुणाला, कशानं? एवढं मिळाल्याशिवाय कागदावर शाई पडत नसे. जज्ज बदलले, पंखे दोरीचे जाऊन विजेचे आले, पण लेखणी तशीच वर.

ही सवय त्यांनी घरी आणली. घरात "दूध उतू गेलं" म्हणायची सोय नव्हती. कोणी जाऊ दिलं? "बशी फुटली" असं म्हटलं की चौकशी बसे. बायकोनं हे बरीच वर्षं सोसलं आणि मग ती विषमज्वरानं गेली. त्या वेळी मात्र विष्णुपंतांना कर्ता सापडेना. डॉक्टर म्हणाले, ताप. भटजी म्हणाले, प्रारब्ध. विष्णुपंतांनी दोघांनाही दक्षिणा देऊन वाटेला लावलं, आणि क्षमा नावाची सात वर्षांची मुलगी आणि ते असे दोघे त्या घरात उरले.

मी त्यांच्या समोरच्या माडीवर भाड्यानं राहत होतो आणि कविता लिहीत होतो. एकदा एक त्यांना दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"आत काहीतरी तुटतं आहे, असं म्हणता," ते म्हणाले. "तोडतं कोण?"

"काळ," मी म्हणालो.

"राहणार कुठले?"

पुढं मी गद्याकडे वळलो. सगळा दोष त्यांचा नाही, पण थोडा आहे.

या माणसाला फ्रेंच येत होतं. तेही कोणाच्या तरी रागामुळे आलेलं. पुण्याला कॉलेजात त्यांनी संस्कृत घेतलं होतं. एका तासाला शास्त्रीबुवा म्हणाले, हे जग नुसतं भासतं. विष्णुपंतांनी विचारलं, कुणाला? प्रश्न वेदान्तातलाच होता, पण शास्त्रीबुवांना ती चेष्टा वाटली आणि त्यांनी त्यांना वर्गाबाहेर काढलं. शेजारच्या खोलीत गोव्याचे एक मास्तर फ्रेंच शिकवत होते आणि तिथं बाकं रिकामी होती. विष्णुपंत जाऊन बसले ते बी. ए. होईपर्यंत उठले नाहीत. पुढं साताऱ्यात त्या भाषेचा उपयोग शून्य. मास्तरांनी जाताना दिलेला एका फ्रेंच बियाणेवाल्याचा जुना कॅटलॉग तेवढा त्यांच्याजवळ होता, आणि तो ते जेवणानंतर लोक पोथी वाचतात तसा वाचत. कोबी, मुळा आणि गाजर यांविषयी फ्रेंचमध्ये जे काही म्हणण्याजोगं आहे ते त्यांना पाठ होतं. विचार या वस्तूशी त्या भाषेत त्यांची कधी गाठ पडली नव्हती.

नोकरीचं शेवटचं वर्ष त्यांना जड गेलं. बेचाळीसच्या ऑगस्टनंतर सातारा जिल्ह्यातला एकही माणूस काही करीनासा झाला. रूळ उखडले जात, तारा तुटत, चावड्या जळत, पण करणारा कोणी नसे. कोर्टाचा पट्टेवाला कोंडीबा, ज्यानं पुकारे करकरून आपला आवाज बसवून घेतला होता, तो म्हणे, "तवा कोन कायबी करतच न्हवतं. समदं आपलं आपुन व्हत हुतं."

एकदा तासगावकडचा अर्जुना नावाचा म्हातारा पिंजऱ्यात आणला. त्याच्यासमोर चावडी जळाली होती आणि जाळणाऱ्यांत त्याचा सख्खा पुतण्या होता, हे कोर्टातल्या कबुतरांनासुद्धा माहीत होतं. विष्णुपंतांनी विचारलं, "कोणी केलं?" म्हाताऱ्यानं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पागोटं नीट केलं, पिंजऱ्यातून खाली उतरला आणि दाराकडे चालू लागला. दारात कोंडीबानं त्याचा दंड धरला. जज्जानं इंग्रजीत विचारलं, साक्षीदार काय म्हणतो?

"साहेब," विष्णुपंत म्हणाले, "याचं भाषांतर होत नाही."

अर्जुनाला बेअदबीसाठी आत टाकलं. विष्णुपंतांना राग आला तो अर्जुनाचाच. पुढं पेन्शनीत गेल्यावरही ते म्हणत, "अरे, खोटं तरी बोल! खोट्यालासुद्धा कर्ता असतो. हे काय, उठून चालू पडायचं?"

सेहेचाळीस साली सांगलीहून डॉक्टर लालासाहेब इनामदार त्यांच्या दारात उतरले. हे नाडी बघणारे डॉक्टर नव्हते. वडलांनी त्यांना पॅरिसला धाडलं होतं आणि तिथं त्यांनी कृष्णाकाठच्या एकत्र कुटुंबांच्या वाटण्यांवर फ्रेंचमध्ये प्रबंध लिहिला होता. कृष्णाकाठच्या भावांनी विहीर कशी वाटून घेतली, हे पॅरिसमध्ये बसून, फ्रेंच माणसांना, त्यांच्या भाषेत. लढाई सुरू झाली तेव्हा ते छापील प्रतींची एक ट्रंक घेऊन परत आले. सांगलीत फ्रेंच वाचणारं कोणी नसल्यामुळे त्या पुस्तकाची कीर्ती मोठी होती.

आता सांगलीत एक नवं कॉलेज निघत होतं आणि प्राचार्य म्हणून डॉक्टरांचं नाव पुढं होतं. नेमणूक समितीचे अध्यक्ष होते निवृत्त जज्ज रावबहादूर बिवलकर. ते म्हणाले, माझ्या सहीनं माणूस नेमायचा तर त्यानं काय लिहिलं आहे ते मला इंग्रजीत दाखवा. डॉक्टर म्हणाले, मीच करून देतो. जज्जसाहेब म्हणाले, पक्षकारानं केलेलं भाषांतर मी आयुष्यात कधी पुराव्यात घेतलेलं नाही. शपथेवरचा भाषांतरकार आणा. साताऱ्याचा खांबेटे अजून आहे का?

म्हणून डॉक्टर आले होते. ओटीवर बसून त्यांनी चहा घेतला आणि आतल्या दारात उभ्या असलेल्या क्षमाकडे पाहून म्हणाले, "पंत, स्पष्ट बोलतो. मी प्राचार्य झालो तर इंग्रजीची एक जागा क्षमाबाईंची. दुसरा कोणी झाला तर ती त्याच्या मेहुण्याची."

क्षमा तेव्हा चोवीस वर्षांची होती. इंग्रजी घेऊन एम. ए. झाली होती आणि मुलींच्या शाळेत बदली बाई म्हणून काम करत होती. तिच्या आत्यानं कऱ्हाडचा एक बिजवर वकील धरून ठेवला होता. त्याला दोन मुलं होती आणि तिसरी गोष्ट म्हणजे तो बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवी. विष्णुपंतांनी बहिणीला सांगितलं होतं, पोरीला कायमची जागा मिळाली तर नाही म्हणतो. नाही मिळाली तर माझ्या मागं तिचं कोण? दिवाळीपर्यंत वाट बघू. तेव्हा या प्रबंधाच्या भाषांतरावर काय टांगलेलं आहे, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. वकील सोडून.

काम सुरू झालं. पद्धत कोर्टाचीच. ओटीवर विष्णुपंत फ्रेंच वाचत, इंग्रजीत करत, मग तेच मराठीत साक्षीदाराला वाचून दाखवत. साक्षीदार म्हणून त्यांनी कोंडीबाला लावला होता. तोही पेन्शनीत गेला होता आणि त्याला दुपारी कुठं तरी बसायला हवं होतं.

"ऐक. 'विहिरीची कालिकता.' काय कळलं?"

"इहिरीला काळ लागला?" कोंडीबा म्हणाला. "कोन पडलंबिडलं का काय त्यात?"

"तीन पानं झाली, अजून कोणी पडलेलं नाही."

"मग कशापायी लिवलंय?"

"तेच शोधतो आहे."

हे असं चाले. डॉक्टरांच्या पुस्तकात माणसं नव्हती. विभाजन होतं, विच्छेद होता, संक्रमण होतं, जाणिवेचं जागृत होणं होतं. सगळ्या क्रिया रिकाम्या घरातल्या भांड्यांसारख्या आपोआप वाजत होत्या. विष्णुपंत एकेक शब्द धरत आणि त्याला उलटा टांगत. त्या दिवशी सकाळचे बसलेले ते दोन वाजता एकदम मांडीवर थाप मारून ओरडले, "पाळी! अरे, पाळी! विहीर एक, भाऊ चार. आज हा मोट धरणार, उद्या तो. तीन पानं नुसत्या पाळीवर आहेत!" त्यांनी इंग्रजीत एक ओळ लिहिली: भाऊ पाळीपाळीनं पाणी घेतात. ती मराठीत कोंडीबाला ऐकवली.

"बराब्बर," कोंडीबा म्हणाला. "पर थोरल्याची मोट उनाच्या आधी आसती."

विष्णुपंतांनी तेही घातलं. डॉक्टरांच्या पुस्तकात ते नव्हतं. पण साक्षीदार सांगतो ते गाळायचं नाही, हा नियम. एके ठिकाणी डॉक्टरांनी लिहिलं होतं की या समाजात संस्थात्मक दाद मागण्याचा अभाव आढळतो. विष्णुपंतांनी त्याचं इंग्रजी केलं: हे लोक कोर्टात जात नाहीत. मग त्यांना राहवेना. खाली टीप दिली: हे खोटं आहे. सगळे कोर्टातच आले होते. भाषांतर मीच केलं.

अमूर्ताच्या बाजूला त्यांचं फ्रेंच लंगडत असे आणि मग कॅटलॉग मदतीला येई. एका प्रकारच्या कुटुंबासाठी डॉक्टरांनी जो शब्द वापरला होता तो विष्णुपंतांना कोबीच्या प्रकरणात भेटलेला होता. त्यांनी बेधडक 'बुंध्याचं कुटुंब' असं केलं. कोंडीबानं मान डोलावली. "तोडलं तरी पुन्हा फुटतंय, त्येच की." पुढं डॉक्टर म्हणाले, हे मात्र तुमचं योगायोगानं बरोबर आलं आहे.

कोंडीबा हा फार भरवशाचा साक्षीदार होता असं नाही. जेवण झाल्यावर तो कशालाही "व्हय" म्हणे. "धर्माचं सामाजिक घनीकरण" हे त्यानं झोपेत मान्य केलं, आणि ते तसंच राहिलं, कारण एकदा साक्षीदारानं मान्य केलेलं फिरवायचं नसतं. अख्ख्या भाषांतरात तेवढी एकच ओळ डॉक्टरांना मनापासून आवडली.

गणपतीच्या आधी डॉक्टर काम बघायला आले. विष्णुपंतांनी त्यांच्या हातात कागद ठेवले. डॉक्टर वाचत गेले. सगळं वाचून व्हायला वेळ लागला नाही. त्यांनी कागद उलटे करून पाहिले, मग ओटीवर इकडंतिकडं पाहिलं.

"पंत, माझं पुस्तक कुठं आहे?"

"हे काय."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं नव्हतंच."

डॉक्टर मोठ्यानं वाचू लागले. ते इंग्रजी इतकं साधं होतं की मराठी वाटावं. "आधी जावा वेगळ्या चुली मांडतात. मग भाऊ जमीन वाटतात. थोरला चांगली जमीन घेतो. धाकटा बोलत नाही. धाकट्याची बायको बोलते." ते थांबले. "हे... हे मी म्हटलं आहे?"

"चौथं प्रकरण," विष्णुपंत म्हणाले. "कोंडीबाला वाचून दाखवलंय. बरोबर आहे म्हणाला."

"व्हय," कोंडीबा म्हणाला. "आमच्यात आसंच झालं. माझी बायकु लय बोलली."

डॉक्टर भांडले नाहीत. ते तसे सौम्य गृहस्थ होते. ते गुडघ्यावर कागद ठेवून अंगणातल्या कर्दळीकडे पाहत बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "सहा वर्षं, पंत. तिथल्या थंडीत मोजे घालून झोपत होतो. एवढंच सापडलं असेल तर मी तिकडं केलं तरी काय?" यावर विष्णुपंतांनी काही विचारलं नाही. या वाक्यात कर्ता होता.

जाताना डॉक्टर क्षमाला म्हणाले, "जज्जसाहेबांनी हे वाचलं तर म्हणतील, एवढं तर माझा गडी सांगतो. मग त्याला का नेमू नये?"

डॉक्टरांचा टांगा वळल्यावर क्षमा ओटीवर आली. मी समोरच्या खिडकीत होतो, आणि त्या घरात कोणी हळू बोलत नसे.

"अण्णा, तुम्ही पुस्तकाचं भाषांतर नाही केलंत. तपास केलात."

"त्यात आहे तेच लिहिलं."

"त्यात धुकं होतं. ते कुठं आहे? लोक महाबळेश्वरला पदरचे पैसे घालून जातात ते धुकं बघायला, आणि तुम्ही पंचा घेऊन पुसून काढलंत. थोडं राहू द्या ना. चार जागी राहू द्या."

"मला शपथेवर सांगायचंय, क्षमे, की हे खरं आणि बरोबर आहे."

"खोटं कुठं सांगा म्हणते मी? डॉक्टरांनी धुकंच लिहिलं होतं. धुक्याचं बरोबर भाषांतर धुकंच."

विष्णुपंतांनी लेखणी वर धरली. मुलीचा मुद्दा पक्का होता आणि तो त्यांना दिसला होता, असं मला आजही वाटतं. पण ते म्हणाले, "धुक्याला साक्षीदार मिळत नाही."

"कऱ्हाडच्या वकिलाला मिळतील," क्षमा म्हणाली. "लग्नाला दोनशे पान उठेल. सगळे साक्षीदार." आणि आत गेली.

सुवाच्य प्रत करायचं काम तिच्याकडे होतं, कारण विष्णुपंतांचं अक्षर फक्त कोर्टाला लागत असे. दुसऱ्या दिवशी ती माझ्या माडीच्या पायरीशी आली आणि मोठा इंग्रजी शब्दकोश मागितला.

"आणि तुमच्याकडचे जड शब्द उरलेत का काही? कवितांमध्ये न वापरलेले?"

मी शब्दकोश दिला. जड शब्दांचा तिला तुटवडा पडला नाही. पंधरवडाभर ती शाळेतून आली की लिहायला बसे आणि हसू आलं की पदर तोंडाला लावी. विष्णुपंतांना वाटे, पोरगी राग विसरली.

बैठक नवरात्रात होती. मला कऱ्हाडला काम होतं म्हणून मी बापलेकींबरोबर निघालो आणि कुतूहलानं पुढं सांगलीपर्यंत गेलो. कोंडीबा हट्टानं आला. साक्षीदार आहे, म्हणाला, बोलावलं तर हजर नको? त्या वेळी पेट्रोलच्या टंचाईनं मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मागं भट्टी, तिच्यात एक माणूस सारखा कोळसा कोंबतोय, आणि चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायचं. विष्णुपंत नेमके भट्टीजवळच्या बाकावर बसले. इस्लामपूर येईतो त्यांचा आवाज गेला होता. मांडीवरच्या कागदांचं गाठोडं त्यांनी हातात तोलून पाहिलं.

"एवढं जाड कसं झालं?" त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"मोठं अक्षर काढलंय मी," क्षमा म्हणाली. "जज्जसाहेबांच्या डोळ्यांसाठी."

कर्ता, कर्म, कारण, सगळं होतं. विष्णुपंतांनी मान हलवली आणि खोकत बसले.

बैठक एका हळदीच्या अडत पेढीच्या माडीवर होती, कारण समितीतले बिराप्पाशेट त्या पेढीचे मालक होते आणि कॉलेजाची इमारत अजून त्यांच्या बोलण्यातच उभी होती. खाली पोती, वर समिती. सगळ्यांच्या धोतरांना पिवळी कड. जज्जसाहेब मधोमध, एका बाजूला शेटजी, दुसऱ्या बाजूला एक वकील, आणि भिंतीला टेकून डॉक्टर, कोर्टात आरोपी बसतो तसे, दोन्ही हात गुडघ्यांवर. कोंडीबानं आल्याबरोबर दारातली जागा धरली. सवयच ती.

विष्णुपंत वाचायला उभे राहिले. तोंडातून नुसती हवा आली.

"अण्णांचा घसा बसलाय," क्षमा म्हणाली. "मी वाचते."

तिनं गाठोडं सोडलं आणि वाचायला सुरुवात केली. तिचा आवाज चांगला होता. पहिल्या वाक्यात चुलीच्या क्रमिक स्वायत्तीकरणाची प्रक्रिया होती. दुसऱ्यात त्या प्रक्रियेचं अंतर्गत द्वंद्व. तिसरं वाक्य एवढं लांब होतं की त्याच्या मध्यावर बिराप्पाशेटनी मांडी बदलली. जावा नाहीशा झाल्या होत्या. थोरला नव्हता, धाकटा नव्हता, धाकट्याची बोलणारी बायकोही नव्हती. तिच्या जागी कौटुंबिक विसंवादाचं वाचिक प्रकटीकरण होतं. आणि मग विहीर आली. विहिरीची कालिकता आली, ती पाच पानं चालली, आणि तिच्यात कोणी पडलं नाही.

मी विष्णुपंतांकडे पाहत होतो. पहिल्या वाक्याला त्यांनी मान वर केली. दुसऱ्याला मुलीकडे पाहिलं. वाचन विहिरीपर्यंत आलं तेव्हा त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला होता, बोटांत लेखणी असल्यासारखा, आणि तो तसाच राहिला.

समितीला मात्र बरं वाटत होतं. जज्जसाहेबांनी डोळे मिटले होते आणि चेहऱ्यावर कीर्तनात बसल्याची शांती होती. वकील अधूनमधून "अर्थात, अर्थात" म्हणत होते. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांचं पुस्तक त्यांना परत मिळालं होतं, गेलं होतं त्यापेक्षा दाट होऊन.

क्षमा थांबली.

"आपल्याला काय कळलं न्हाई," बिराप्पाशेट म्हणाले. "पर माल वजनदार हाय."

"कळायला हवं असं नाही, शेटजी," जज्जसाहेब डोळे उघडून म्हणाले. "हे विद्वत्तेचं काम आहे. पॅरिसला उगीच पदवी देत नाहीत. डॉक्टर, अभिनंदन. आणि बाई, वाचन उत्तम. इंग्रजीच्या जागेसाठी डॉक्टरांनी तुमचं नाव सुचवलंय. माझी हरकत नाही. कुणाची आहे?"

कुणाची नव्हती. क्षमानं श्वास सोडला तो मला माझ्या जागेवर ऐकू आला.

"आता एक रीत राहिली," जज्जसाहेब म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला, जणू मध्ये पेन्शनीची वर्षं आलीच नव्हती. "मी शपथेवरचं भाषांतर मागितलं होतं. खांबेटे, पुढं या. हे दुसऱ्या कोणी केलं असेल तर आपण इथं काही ऐकलंच नाही, आणि आता ठरवलेलं सगळं रद्द. नुसता उपचार आहे, पण मी तो सोडत नाही. ईश्वराला स्मरून सांगा. हे भाषांतर कोणी केलं?"

विष्णुपंत पुढं आले. डॉक्टरांनी हातरुमाल तोंडाला लावला. क्षमा कागद छातीशी धरून उभी होती. तिच्या मधल्या बोटावर शाईचा डाग होता आणि तिनं तो लपवला नाही. तिनं बापाच्या डोळ्यांत सरळ पाहिलं. विनंतीसुद्धा केली नाही.

विष्णुपंतांनी तोंड उघडलं. एवढ्या वेळात त्यांचा घसा थोडा सुटला होता. खालच्या पेढीत कोणीतरी पोतं टाकलं, त्याची धूळ जिन्यातून वर आली.

"खांबेटे?" जज्जसाहेब म्हणाले. "साधा प्रश्न आहे. तुमचाच."

विष्णुपंतांनी मुलीकडे बराच वेळ पाहिलं. मग डोक्यावरची टोपी नीट केली, भिंतीला टेकवलेली छत्री उचलली आणि दाराकडे चालू लागले. दारात कोंडीबा उभा राहिला होता. त्याचा हात सवयीनं अर्धा पुढं आला. मग त्यानं तो मागं घेतला आणि वाट सोडून बाजूला झाला, आणि विष्णुपंत जिना उतरून बाहेर पडले.